बचत बँकेची शाखा: तीन कुलपांच्या पेटीपासून 'आपली शाखा विलीन होत आहे' पर्यंत

पासबुक_भरलं

मंडळी, परवा बँकेचा मेसेज आला. 'आपली शाखा अमुक तारखेपासून जवळच्या शाखेत विलीन होत आहे, आपला खाते क्रमांक बदलणार नाही.' झालं, एवढंच. आधी काहीच वाटलं नाही कारण त्या शाखेत मी शेवटचा कधी गेलो तेच आठवेना. रात्री मात्र उगाच चुटपुट लागली. माझं पहिलं खातं तिथलं. स्पेसिमन कार्डावर सही करताना मी ऐटीत वळसे घेत बसलो होतो तर काउंटरमागच्या बाईंनी कार्ड काढून घेतलं, दुसरं दिलं आणि म्हणाल्या, 'रोज जमेल ती सही कर, बँक वळसे मोजत नाही.' तीच सही आजही करतो.

तर झोप येईना म्हणून वाचत बसलो की ही बचत बँक नावाची भानगड सुरू कुठून झाली, आणि एका धर्मगुरूपाशी जाऊन पोचलो. स्कॉटलंडमधलं रथवेल नावाचं खेडं, साल 1810, हेन्री डंकन. हा माणूस चर्चमध्ये येण्याआधी लिव्हरपूलच्या एका बँकेत तीन वर्षं कारकून होता, म्हणजे दोन्हीकडची भाषा येणारा. तेव्हाच्या नेहमीच्या बँका दहा पौंडांखाली खातंच उघडायच्या नाहीत. शेतमजूर दहा पौंड आणणार कुठून? डंकनने काय केलं, तर अगदी किरकोळ रकमेपासून पैसे घ्यायला सुरुवात केली. गोरगरिबांचे शिलिंग-शिलिंग गोळा करायचे आणि एकत्र मोठ्या बँकेत ठेवायचे, तिथे मोठ्या रकमेला मिळणारं व्याज खातेदारांमध्ये वाटायचं. पैसे एका लाकडी पेटीत. पेटीला तीन कुलपं, म्हणजे एकट्यादुकट्याला उघडताच येऊ नये. पहिल्या वर्षअखेरीला जमा 151 पौंड. ती पेटी अजून आहे, त्या घराचं म्युझियम झालंय.

मला त्यातलं तीन कुलपांचं फार आवडलं. माझ्या अॅपला पण पासवर्ड, ओटीपी आणि अंगठा असे तीनच लागतात, फक्त तिन्ही किल्ल्या माझ्याकडेच आणि विसरलो तर दोषही माझाच.

शाखा या प्रकाराबद्दल तुम्हाला काय वाटतं, काय आठवतं, काय माहिती आहे ते लिहा. बँकांच्या नावाने खडे फोडायचे असतील तर नाव न घेता फोडा.

खरं_तर

छान धागा. एक दुरुस्ती, बचत बँक 'सुरू' रथवेलला नाही झाली. हॅम्बर्गला 1778 साली एका सार्वजनिक संस्थेने मोलकरणी, रोजंदारीवाले, खलाशी अशा लोकांसाठी बचतीची सोय काढली होती, डंकनच्या 32 वर्षं आधी. रथवेलचं महत्त्व वेगळं आहे. ते मॉडेल स्वतःच्या पायावर उभं होतं, वरून कुणी देणगीदार लागत नव्हता, आणि डंकनने त्याबद्दल पत्रकं लिहून, पत्रव्यवहार करून ते पसरवलं.

पासबुक_भरलं

@खरं_तर तुमचं नाव सार्थ आहे. मान्य.

अवांतर: हाच डंकन. त्याने रथवेलचा मोडलेला जुना दगडी क्रॉस जुळवून उभा केला आणि ब्रिटनमध्ये सापडलेल्या जीवाश्म पाऊलखुणांवर पहिल्यांदा लिहिलं तेही यानेच. एका खेड्याच्या पगारावर हा माणूस झोपायचा कधी देव जाणे.

लेजर_फोलिओ

निवृत्त आहे, आयुष्य बचत खात्याच्या काउंटरवर गेलं म्हणून राहवत नाही. लांबेल, माफ करा.

तुम्ही लोक शाखा म्हटलं की इमारत बघता, आमच्यासाठी शाखा म्हणजे लेजर. एकेका खातेदाराचं एकेक पान, त्याला फोलिओ म्हणायचं, आणि माणूस काउंटरला आला की चेहऱ्याआधी आकडा आठवायचा. बाई दिसल्या की हात आपोआप लेजरकडे. संध्याकाळी टॅली. जमा नावे जुळलं नाही की कुणी घरी जायचं नाही. आणि त्यातली एक गंमत सांगतो जी आता कुणाला लागणार नाही: फरक किती आलाय ते बघायचं आणि त्याला नऊने भाग जातो का बघायचं. गेला की समजायचं कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, 54 चे 45 किंवा 810 चे 180. मग सगळी व्हाउचरं नाही चाळायची, फक्त तसे जोडआकडे शोधायचे. दहा मिनिटात काम फत्ते. भाग नाही गेला की रात्रीचे नऊ.

व्याजाचंही तसंच. इंग्लंडच्या पोस्टाची बचत बँक 1861 ला निघाली तेव्हा व्याज ठेवलं अडीच टक्के. हे अडीचच का असा विचार करा. तेव्हा पौंडाचे 240 पेन्स. त्याचे अडीच टक्के म्हणजे सहा पेन्स वर्षाला, म्हणजे महिन्याला बरोब्बर अर्धा पेनी! पूर्ण पौंड किती आणि पूर्ण महिने किती एवढं बघितलं की खेड्यातला पोस्टमास्तर आणि खातेदार दोघंही बोटावर व्याज काढू शकतात. हिशोब समोरच्या माणसाला स्वतः पडताळता आला पाहिजे हा विचार त्यात होता. आजचं व्याज बरोबर आहे की नाही हे तुमच्यापैकी कितीजण काढून बघता? मीसुद्धा नाही बघत.

ढगात_पैसा

काका भारी लिहिलंय पण मला प्रामाणिकपणे एक कळत नाही. आम्ही का रडायचं शाखांसाठी? माझं खातं फोनवर उघडलं, चेहरा दाखवून, पाच मिनिटात. शाखेत गेलो ते एकदाच, पत्ता बदलायला, तर हा फॉर्म नाही तो फॉर्म, मग झेरॉक्स, मग साहेब जेवायला गेलेत, मग सही जुळत नाही. माझीच सही, मीच समोर उभा, आणि सही जुळत नाही! नॉस्टॅल्जिया ठीक आहे पण लाइनीत कोण उभं राहायचं हे विसरू नका.

मुद्दल

+१ वरच्या सही प्रकरणाला.

लेजर_फोलिओ

@ढगात_पैसा हसलो. सही जुळत नाही ही आमच्याकडून झालेली सगळ्यात जास्त पापं असतील. पण बाबा, ती सही आम्ही बघायचो ती तुझ्या विरुद्ध नाही, तुझ्या नावाने दुसरा कुणी येऊ नये म्हणून. चुकायचो ते खरं.

कोरा_चेक

इथे भाबडेपणा वाढायच्या आत एक काळी बाजू टाकते. ओळखीचा माणूस काउंटरला बसतो म्हणजे पैसा सुरक्षित असं अजिबात नाही, उलट इतिहास तोच आहे की ओळखीच्यानेच खाल्ला. इंग्लंडमधलं रॉचडेल, 1849. तिथल्या बचत बँकेचा व्यवहार बघणारा जॉर्ज हॉवर्थ, गावातला प्रतिष्ठित माणूस, स्वतः कापडाच्या धंद्यातला. लोक बँक बंद असली तरी त्याच्या पेढीवर जाऊन पैसे देऊन यायचे, आपलाच माणूस म्हणून. तो वारला आणि वह्या उघडल्या तर सत्तर हजार पौंडांहून मोठं भगदाड. विश्वस्त म्हणून ज्यांची नावं पाटीवर होती त्यांनी वह्या कधी नीट बघितल्याच नव्हत्या.

असे दोनचार घोटाळे झाले म्हणून तर सरकारी हमी असलेली पोस्टाची बँक आली. चार्ल्स साइक्स नावाच्या हडर्सफील्डच्या एका बँकेतल्या नोकरदाराने कल्पना मांडली, तेव्हाचा अर्थमंत्री ग्लॅडस्टनने उचलून धरली. लेजरकाकांनी अडीच टक्क्यांचं सांगितलं, मला दुसरी गोष्ट भारी वाटते. तुम्ही पोस्टात पैसे भरले की पोस्टमास्तर पासबुकात लिहायचा आणि वर लंडनच्या मुख्य कार्यालयातून तुमच्या घरी पोचपावतीचं पत्र यायचं. ते वेळेत नाही आलं तर तुम्ही तक्रार करायची. म्हणजे पोस्टमास्तरवर विश्वास ठेवा पण लंडनकडून खात्री करून घ्या. आजचा 'आपल्या खात्यात जमा' वाला मेसेज म्हणजे तेच पत्र की. आणि एका पोस्टात भरा, दुसऱ्या गावच्या पोस्टात काढा, हेही 1861 पासून.

पासबुक_भरलं

@कोरा_चेक हे माहीतच नव्हतं. म्हणजे कुठूनही व्यवहार करा ही कॉम्प्युटरची देणगी नाही तर.

कोरा_चेक

नाहीच. फक्त काढायचे तर लंडनहून कागद यायची वाट बघायची. पुढे हे मॉडेल सगळीकडे गेलं, जपानमध्ये 1875, हिंदुस्थानात 1882. अमेरिकेत मात्र 1911 पर्यंत नाही, आणि साठच्या दशकात बंदही केलं त्यांनी.

वंशावळ

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर फ्रीडमन्स बँकेबद्दल लिहितो, मला वाटतं शाखा म्हणजे काय हे त्याच्याइतकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

मार्च 1865 मध्ये लिंकनच्या सहीने ही बचत बँक सुरू झाली, गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांसाठी आणि काळ्या सैनिकांच्या पगारासाठी. बघता बघता 37 शाखा. आता विचार करा, खातेदाराला लिहिता येत नाही, बऱ्याच जणांना आडनाव असं ठरलेलं नाही, एकाच नावाची दहा माणसं. ओळख पटवायची कशी? तर शाखेतला कारकून खातं उघडताना विचारायचा आणि रजिस्टरमध्ये लिहून घ्यायचा: जन्म कुठला, वाढलास कुठे, मालक कोण होता, बायकोचं नाव, मुलं, आई, बाप, भाऊ, बहिणी. आणि त्यात अशा नोंदी की आई विकली गेली तेव्हापासून पत्ता नाही, भाऊ कुठे नेला माहीत नाही. बँकेला हे हवं होतं ते पैसे चुकीच्या माणसाला जाऊ नयेत म्हणून, पण झालं काय की ज्या लोकांची कुणी नोंदच ठेवली नव्हती त्यांच्या घरादाराची नोंद एका बँकेच्या शाखेत झाली. आज आफ्रिकन अमेरिकन लोक आपले पूर्वज शोधायला हीच रजिस्टरं उघडतात. साडेचार लाखांच्या वर नावं आहेत त्यात.

बँकेचं पुढे वाटोळं झालं. 1870 ला नियम सैल करून कर्जं द्यायची मुभा घेतली, वरच्या मंडळींनी दोस्तांच्या धंद्यात पैसा घातला, 1873 ची मंदी आली. शेवटच्या काही महिन्यात फ्रेडरिक डग्लसला, म्हणजे स्वतः गुलामीतून सुटलेल्या नामांकित काळ्या नेत्याला, अध्यक्ष म्हणून बसवलं, त्याने स्वतःचे दहा हजार डॉलर घातले, उपयोग झाला नाही. जून 1874 ला टाळं. साठ हजारांवर खातेदारांचे जवळपास तीस लाख डॉलर अडकले. कित्येकांना बऱ्याच वर्षांनी अर्धेमुर्धे मिळाले, कित्येकांना काहीच नाही. लोकांना वाटलं होतं सरकारची हमी आहे. नव्हती.

तर माझं म्हणणं, केवायसी म्हटलं की आपण कपाळाला आठ्या घालतो पण ते रजिस्टर एकदा बघाच.

सायटोळी

@वंशावळ काटा आला वाचून. वाचतेय, लिहा अजून कुणीतरी.

खरं_तर

सुंदर प्रतिसाद. किंचित भर, विश्वस्त मंडळावर सुरुवातीला बरेचसे गोरे सदस्य होते आणि निर्णय त्यांच्याच हातात होते. डग्लसला आणलं तेव्हा जहाज बुडायलाच लागलं होतं, तसं त्याने स्वतः नंतर लिहिलंय.

काचेचं_छप्पर

आर्किटेक्ट आहे म्हणून इमारतींवर. वर कुणीतरी म्हणालं शाखा म्हणजे इमारत नाही. पण बचत बँकांनी इमारतींवर पैसा ओतला तो उगाच नाही. ठेव विमा नव्हता तेव्हा दगडी खांब हाच विमा. न्यूयॉर्कची बॉवरी सेव्हिंग्ज बँक बघा, 1834 ची संस्था, 1890 च्या दशकात स्टॅनफर्ड व्हाइटकडून रोमन देवळासारखं बांधून घेतलं, आणि खातेदार कोण तर आसपासच्या गरीब वस्तीतले. आत आलं की आवाज घुमतो, माणूस आपोआप टोपी काढतो.

नंतर दोघांनी हे उलटवलं. व्हिएन्नात ओटो वॅग्नरने पोस्टल बचत बँक बांधली, 1906 ला पहिला टप्पा उघडला. आतला मोठा हॉल काचेच्या छताचा, जमीनसुद्धा काचेच्या विटांची म्हणजे खालच्या मजल्यावर उजेड जावा. बाहेरून दगडी फरशा आणि त्यावर अॅल्युमिनियमची टोकं असलेले बोल्ट मुद्दाम दिसतील असे. जाड भिंती नाहीत, उजेड आहे, या आणि बघा आम्ही काय करतो ते. आणि दुसरी फिलाडेल्फियाची पीएसएफएस (फिलाडेल्फिया सेव्हिंग फंड सोसायटी), 1816 ला निघालेली बचत संस्था, 1932 ला ऐन मंदीत 36 मजली टॉवर. तिथे बँकिंग हॉल रस्त्याच्या पातळीला नाहीच, वरच्या मजल्यावर, आणि खाली दुकानं भाड्याने. सरकत्या जिन्याने वर जायचं. बँकेने तेव्हाच ओळखलं होतं की रस्त्यावरची जागा दुकानालाच जास्त परवडते.

ती बँक 1992 ला बुडाली, टॉवरचं हॉटेल झालंय. पाटी मात्र अजून गच्चीवर लाल दिव्यांत आहे. आणि बॉवरीच्या देवळात आता लग्नं लागतात.

ढगात_पैसा

म्हणजे शाखेचा सगळ्यात चांगला उपयोग हॉल म्हणून. मी म्हणतच होतो.

सायटोळी

:)

नोकरी_टिकली

@ढगात_पैसा तुझ्या पहिल्या मुद्द्यावर येते. एटीएम आलं तेव्हाही लोक हेच बोलले होते की आता शाखा गेल्या. पहिलं मशीन 27 जून 1967, लंडनजवळ एनफिल्डला. पण त्यानंतर दोन आठवडे व्हायच्या आत स्वीडनमध्ये उप्सालाला मशीन बसलं, आणि ते बसवलं एका बचत बँकेनेच! म्हणजे आपल्याला वाटतं तशा या बँका खेडवळ नव्हत्या.

आणि झालं काय? जेम्स बेसेन नावाच्या अर्थतज्ज्ञाने अमेरिकेचे आकडे काढले. 1988 ते 2004 मध्ये शहरी शाखेत सरासरी 20 च्या आसपास टेलर (काउंटरवरचे कारकून) होते ते 13 वर आले. पण शाखा चालवणं स्वस्त झालं म्हणून बँकांनी शाखाच वाढवल्या, 40 टक्क्यांच्या वर. टेलरची एकूण संख्या पडली नाही. कायद्यानेही नव्या शाखा उघडायला मोकळीक मिळाली होती हा भाग आहेच. काम बदललं, नोटा मोजायच्या ऐवजी 'मॅडम तुमच्यासाठी एक प्लॅन आहे'.

मोबाइलने मात्र ते केलं जे एटीएमला जमलं नाही. ब्रिटनमध्ये 2015 पासून सहा हजारांवर शाखा बंद झाल्यात.

कोरा_चेक

'एक प्लॅन आहे' यावरच तर माझं सगळं भांडण आहे. स्पेनच्या बचत बँका घ्या, काहास. मूळ फार चांगलं. 1702 मध्ये माद्रिदला फ्रान्सिस्को पिकेर नावाच्या धर्मगुरूने गरिबांना व्याजाविना तारणावर कर्ज द्यायची संस्था काढली, 1838 ला तिथली बचत बँक आली. या बँकांना भागधारक नव्हतेच, नफ्यातून वाचनालयं, वृद्धाश्रम, प्रदर्शनं चालायची. 2008 च्या आधी अशा 45 होत्या.

मग बांधकामाचा फुगा आला, राजकारणी संचालक मंडळावर, भरमसाट कर्जं. फुगा फुटला तेव्हा भांडवल पाहिजे, आणलं कुठून? काउंटरवरून. वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या म्हाताऱ्या खातेदारांना त्याच ओळखीच्या कारकुनाने प्रेफरन्स शेअरसारखी कागदं विकली, ठेवीसारखंच आहे, व्याज जास्त आहे, सही करा इथे. लाखो लोकांनी केली. मुदतच नव्हती त्यांना, आणि बँका कोलमडल्यावर पैसे अडकले. त्यातल्या सात बँका एकत्र करून बनवलेली बांकिया 2012 ला सरकारला ताब्यात घ्यावी लागली. आज त्या 45 पैकी जुन्या अर्थाने बचत बँक म्हणाव्यात अशा दोनच छोट्या उरल्यात.

शाखेतला जिव्हाळा खरा होता, म्हणूनच ते विकलं गेलं. अनोळखी वेबसाइटवर त्या आजीबाईंनी सही केलीच नसती.

लेजर_फोलिओ

@कोरा_चेक हे वाचून गप्प बसलो थोडा वेळ. आम्हालाही टार्गेट आली होती शेवटच्या काही वर्षांत. सकाळी मीटिंग, काल किती विकले. एका बाईंना मी एक योजना घेऊ नका म्हणालो, हळू आवाजात. त्यांनी नाही घेतली. पण ज्यांना नाही म्हणालो नाही असेही आहेत. त्यांची नावं अजून आठवतात, फोलिओसकट.

मुद्दल

काका, हे इथे लिहिलंत त्याबद्दल दंडवत.

मालक_कोण

विषय थोडा वळवतो, पण यातच बसतो. बचत बँकेचा मालक कोण? ब्रिटनच्या ट्रस्टी सेव्हिंग्ज बँका म्हणजे रथवेलचीच पिलावळ. भागधारक नाहीत, विश्वस्त बिनपगारी. 1980 च्या दशकात थॅचर सरकारने ठरवलं की टीएसबी, म्हणजे या ट्रस्टी बँकांचा गट, शेअर बाजारात आणायची. पण विकणार कोण, मालकच नाही! खातेदार कोर्टात गेले की बँक आमची. 1986 ला हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) सांगितलं की खातेदाराचा हक्क मुद्दल आणि व्याजावर, बाकी मालमत्तेवर नाही. आणि सरकारनेही पैसे घेतले नाहीत. मग शेअर विकून आलेले अब्जावर पौंड गेले कुणाकडे? बँकेकडेच. म्हणजे ज्यांनी शेअर घेतले त्यांना बँक मिळाली आणि बँकेच्या तिजोरीत त्यांचेच पैसे परत. याला काय म्हणायचं सांगा.

पुढे 1995 ला ती लॉइड्समध्ये गेली, 2013 ला पुन्हा बाहेर काढली, 2015 ला एका स्पॅनिश बँकेने घेतली. 2018 ला नव्या सिस्टीमवर जाताना असा गोंधळ झाला की जवळजवळ वीस लाख लोकांना आपलंच खातं दिसेना. लोक काय करणार, शाखांच्या दारात.

एकच बँक त्या 1980 च्या लाटेत सामील झाली नव्हती. एअरड्री सेव्हिंग्ज बँक, स्कॉटलंड, 1835 ची. स्वतंत्र राहिली आणि 2017 ला स्वतःहून बंद झाली. बुडाली नाही हं, खातेदारांचे पैसे व्यवस्थित परत केले. नियमांचा आणि टेक्नॉलॉजीचा खर्च झेपेना एवढंच.

ढगात_पैसा

हे मात्र मला पटलं. छोट्या बँकेला अॅप बनवायचा खर्च आणि मोठ्या बँकेला अॅप बनवायचा खर्च जवळपास तोच, फक्त वाटून घ्यायला खातेदार कमी.

मालक_कोण

बरोबर. जर्मनीच्या श्पारकासे त्यावरच टिकल्यात. साडेतीनशेच्या आसपास वेगवेगळ्या संस्था, बहुतेक नगरपालिकांच्या वा जिल्ह्यांच्या, आपापल्या हद्दीत काम करायचं, पण कॉम्प्युटर, लोगो, एटीएम, हमी सगळं सामाईक. तरी शाखा त्याही बंद करतायत, काही गावांत बस जाते आठवड्याला ठरलेल्या वारी, बसमध्येच काउंटर.

नोकरी_टिकली

बँकेवरचा रन, म्हणजे घाबरून सगळे एकदम पैसे काढायला धावतात ते, यावर कुणीच बोललं नाही. सप्टेंबर 2007, नॉर्दर्न रॉक, ब्रिटन. रांगांचे फोटो आठवत असतील. त्यांच्या सत्तरएक शाखा होत्या देशभरात, वेबसाइट कोलमडली, म्हणून लोक घडीच्या खुर्च्या घेऊन फुटपाथवर. तरीही रांगेतून पैसा एका वेगानेच बाहेर जातो, एकेक माणूस, एकेक फॉर्म. सोमवारी संध्याकाळपर्यंत सरकारला हमी जाहीर करायला वेळ मिळाला. आणि मार्च 2023 ला सिलिकॉन व्हॅली बँक, एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढायच्या सूचना, बहुतेक ऑनलाइन. रांग दिसलीच नाही कुणाला. ती बचत बँक नव्हती, मान्य, खरं_तर यांनी दुरुस्ती करायच्या आत मीच लिहिते.

खरं_तर

मी गप्प आहे.

सायटोळी

स्पेनवरून आठवलं. 2022 ला वॅलेन्सियाच्या एका निवृत्त डॉक्टरांनी, कार्लोस सान हुआन, ऑनलाइन सह्यांची मोहीम काढली होती, 'मी म्हातारा आहे, मूर्ख नाही'. त्यांना पार्किन्सन्स आहे, मशीनवर बोटं नीट चालत नाहीत, शाखेत गेलं तर सांगतात अॅपवरून करा नाहीतर अपॉइंटमेंट घ्या. सहा लाखांवर सह्या झाल्या, बँकांना काउंटरच्या वेळा वाढवायचं कबूल करावं लागलं. मला गंमत वाटली ती अशी की ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांच्यासाठीची मोहीम ऑनलाइनच करावी लागली.

माझ्या सासूबाईंचं तेच. त्यांना शिल्लक फोनवर दिसते, वाचता येते, पण पासबुकात छापून आल्याशिवाय पैसे आहेत यावर त्यांचा विश्वास बसत नाही. मशीनने पासबुक छापताना जो खर्र आवाज येतो ना, तो झाला की चेहऱ्यावर समाधान.

ब्रिटनमध्ये आता बँकिंग हब म्हणून काढलेत, 2021 ला दोन ठिकाणी प्रयोग झाला, केंबसलँग आणि रॉचफर्ड. एकच काउंटर सगळ्या बँकांचं, पोस्ट चालवतं, आणि आतल्या खोलीत सोमवारी एका बँकेचा माणूस, मंगळवारी दुसऱ्या बँकेचा. म्हणजे पुन्हा 1810 च्या जवळ आलो, ठराविक वारी ठराविक तास उघडणारी खोली.

मुद्दल

एक वैयक्तिक प्रश्न, लेजरकाकांसाठी. आजोबांची एक लोखंडी पेटी आहे आमच्याकडे, पुस्तकाएवढी, बँकेने दिलेली. वरून नाणी टाकायची फट, फटीच्या आत दात आहेत म्हणजे उलटी करून सुरीने काढायला गेलं तरी नाणं परत येत नाही (लहानपणी केलेला प्रयोग). किल्ली बँकेत असायची, पेटी भरली की शाखेत न्यायची, तिथे उघडून मोजून खात्यात जमा. आजोबा गेले, ती शाखा कधीच बंद झाली, पेटी तशीच. हलवली की आत वाजतं. तोडायचं मन होत नाही. काही उपाय?

लेजर_फोलिओ

होम सेफ म्हणायचे त्याला. मुलं आईबापांचा हात धरून आणायची. आम्ही पेटी काउंटरवर उपडी करायचो आणि मुलासमोरच मोजायचो, त्याचं त्याला मोजू द्यायचं आधी, मग आम्ही. आकडा चुकला तर पुन्हा. मागे रांग थांबली तरी चालायची, कुणी कुरकुर केलेलं आठवत नाही.

आता तुझी पेटी. एक गुपित सांगतो, आमच्या शाखेत तरी सगळ्या पेट्यांना एकच किल्ली होती. शंभर मुलांच्या शंभर पेट्या, किल्ली एक, ड्रॉवरमध्ये सुतळीला बांधलेली.

मुद्दल

काय सांगता! म्हणजे आजोबा आठवड्याला ती पेटी घेऊन जायचे आणि शेजाऱ्याच्या पेटीच्या किल्लीनेही ती उघडली असती?

लेजर_फोलिओ

उघडली असती. फोटो टाक, फटीच्या बाजूचा आणि कुलपाचा. आमच्याकडची असेल तर ती सुतळीची किल्ली माझ्याकडे आहे. निवृत्तीच्या दिवशी ड्रॉवर रिकामा करताना कुणी मागितली नाही.

पासबुक_भरलं

@मुद्दल फोटो इथेच टाका, आम्ही वाट बघतोय. मी उद्या माझ्या शाखेत जाऊन येतो, पासबुकाचं शेवटचं पान छापायचं राहिलंय.